उंचीला आणि ताकदीला झेपेल अशी गाडी: घेण्याआधीची तयारी

मोटारसायकल घ्यायला शोरूमला जायच्या आधी घरात टेप काढा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन्ही पायांच्या मध्ये जाड वही वर सरकवून घट्ट धरायची आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घरातल्या कुणाला तरी मोजायला सांगायचं. आकडा मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, कारण कंपन्या सीटची उंची तशीच देतात. स्प्लेंडर प्लसची सीट 785, क्लासिक 350 ची 805, एक्सपल्स 200 4V ची 825, मीटिऑर 350 ची 765. तुमच्या मापापेक्षा सीट थोडी उंच असली म्हणून लगेच नाद सोडू नका. बुटाचा तळ असतो, आपल्या वजनानं शॉकॲब्सॉर्बरही दबतात. पण नुसत्या आकड्यावर विसंबूही नका. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि तेवढा पाय अपुरा पडतो.

शोरूमला जाताना रोजच्या वापरातलेच बूट घाला. गाडी स्टँडवरून काढून बसा. दोन्ही चवडे नीट टेकले तर पुरे, टाचा टेकल्याच पाहिजेत असं नाही. मात्र शोरूमची फरशी सपाट असते, आपले रस्ते नसतात. आपल्या बेळगावकडं जांबोटीवरून कणकुंबीकडं जाताना पावसाळ्यात बघा, डांबर संपतं तिथं लाल मातीची साइडपट्टी खचलेली असते. समोरून बस आली की आपण कडेला थांबतो, डावा पाय टेकवायला जातो आणि जमीन वीतभर खाली असते. गाडी तेवढी कलली की सगळा भार त्या एका पायावर येतो. म्हणून गाडी बाहेर उतारावर काढायला सांगा आणि तिथं आडवी उभी करून, खालच्या बाजूला पाय टेकवून बघा. सेल्समन कंटाळला तरी चालेल.

आता वजन. आपल्याकडं पहिला प्रश्न ॲव्हरेजचा असतो. मी म्हणेन, आधी वजन विचारा. स्प्लेंडर सुमारे 112 किलो, क्लासिक 350 मात्र 195. हायवेवर निपाणीपर्यंत गेलात तर हा फरक अंगाला फारसा जाणवणार नाही. तो जाणवतो खडे बाजारात, दोन गाड्यांच्या मधून आपली गाडी मागं ओढताना, आणि रात्री घरच्या उंबऱ्याचा चढ चढवताना. शहापूर-वडगावच्या बोळात राहणाऱ्यांनी तर बोळाची रुंदी आणि त्या चढाची उंची आधी बघून ठेवावी. रोजची कसरत तिथंच आहे. टेस्ट राइडच्या आधी इंजिन बंद ठेवून गाडी हातानं ढकला, मागं ओढा, वळवून घ्या. मग डबल स्टँड, असेल तर. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागले की त्यावर पायानं अंगाचा भार द्यायचा, हातानं फक्त दिशा द्यायची. ताकदीपेक्षा यात युक्ती जास्त आहे. युक्ती शिकूनही गाडी चढत नसेल, तर ती गाडी तुमची नाही, मग मित्रमंडळी काहीही म्हणोत.

पडलेली गाडी उचलायची तयारीसुद्धा आताच करा. कमरेतून वाकून ओढायला गेलात तर कंबर धरते. आधी इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. उजवीकडं पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडं जाऊन आडवी होईल. गाडीकडं पाठ करून सीटच्या कडेला कंबर टेकवा, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर छोटी पावलं मागं टाकत उठा. ओळखीच्या कुणाची जुनी गाडी असेल तर मऊ गवतावर, जोडीला माणूस घेऊन, एकदा करून बघा. पहिल्यांदाच गाडी शिकणाऱ्या मुलींना आणि साठी ओलांडलेल्या काकांना हे मी आग्रहानं सांगतो.

हातांचंही बघा. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं की पुढं सरकत सरकत क्लच किती वेळा दाबावा लागतो! शोरूममध्ये क्लच सलग दाबून-सोडून मनगट भरून येतं का ते बघा. ब्रेकच्या लिव्हरवर बोटं ताणावी लागू नयेत. हँडल एका बाजूला पूर्ण वळवल्यावर पलीकडचा हात सरळ ताठ होत असेल तर यू-टर्नला तोल जातो.

उंच माणसांनी उलटं तपासावं: हँडल वळवताना गुडघ्याला लागतं का, पाय फार दुमडतात का.

मागं बायको-मुलं बसणार असतील, दुधाचे कॅन किंवा भाजीची पोती लादणार असाल, तर तो भार घेऊनच टेस्ट राइड मागा. ते जमलं नाही तर निदान मागं एक माणूस तरी बसवा. थांबताना मागचा माणूस हलला की हलकी गाडीसुद्धा डुलते.

सीट थोडीच उंच वाटत असेल तर सीटवाल्याकडून फोम कमी करून घ्या. शॉकॲब्सॉर्बरची रचना बदलून गाडी खाली घेऊ नका. स्पीडब्रेकरला पोट घासतं.

जुनी गाडी घेताना सीट आणि शॉकॲब्सॉर्बर बसलेले असतात, त्यामुळं ती बुटकी वाटते. दुरुस्तीनंतर उंच होईल हे धरून चाला. क्रॅश गार्ड आणि कॅरिअरचं वजन वेगळं. कोल्हापूरकडची एमएच 09 नंबरची आवडली, तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), इकडं नवीन नंबर आणि कर्नाटकचा रोड टॅक्स हा खर्च किमतीत धरा, आणि एनओसीचं कोण बघणार ते ठरल्याशिवाय विसार देऊ नका.