डुब्रोवनिकचा झेंडा आणि ढाल कशी वाचायची

आधी क्रोएशियाचा राष्ट्रध्वज मोबाईलवर उघडा आणि झूम करा. लाल-पांढऱ्या चौकटींच्या मोठ्या ढालीवर जो मुकुट आहे ना, तो पाच छोट्या ढालींचा बनलाय. डावीकडून दुसरी बघा, गडद निळ्यावर दोन आडवे लाल पट्टे. ती डुब्रोवनिकची, म्हणजे क्रोएशियातल्या समुद्रकाठच्या एका जुन्या शहराचं चिन्ह. २०२१ च्या जनगणनेत या शहराची वस्ती जेमतेम ४१ हजारांच्या वर होती, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव, आणि त्याला देशाच्या झेंड्यात स्वतःची जागा आहे.

आता मुख्य गोष्ट. ढाल एक सांगते आणि शहराचा स्वतःचा झेंडा दुसरंच सांगतो, त्यामुळे दोन्ही वेगवेगळे वाचायचे. ढालीवरचे पट्टे हंगेरीच्या राजघराण्याच्या पट्ट्यांशी जोडले जातात, कारण १२०५ ते १३५८ हे शहर व्हेनिसच्या ताब्यात होतं आणि १३५८ मध्ये त्यातून सुटल्यावर त्यांनी हंगेरीच्या राजाचं वर्चस्व मान्य केलं, आतला कारभार मात्र स्वतःकडेच ठेवला. म्हणजे ढालीवर दिसतो तो वरचा राजा. आणि झेंडा? पांढऱ्या कापडावर मधोमध एक दाढीवाला बिशप. हे शहराचे रक्षक संत, सेंट ब्लेज, तिथले लोक त्यांना स्वेती व्लाहो म्हणतात. डुब्रोवनिक तेव्हा स्वतःच एक प्रजासत्ताक होतं आणि त्याची जहाजं हाच झेंडा लावून भूमध्य समुद्रात फिरायची.

संत ओळखायचा कसा, तर चेहरा बघू नका, हातात आणि डोक्यावर काय आहे ते बघा. डोक्यावर बिशपची उंच टोपी, हातात वरून वळलेला दंड आणि तळहातावर अख्खं शहर, तटबंदी-बुरुजांसकट. हे तिन्ही दिसलं की ब्लेज. त्या छोट्या शहराचा फोटो नक्की काढा आणि नंतर मोठा करून बघा, कारण सेंट ब्लेजच्या चर्चमध्ये जी चांदीची सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती आहे तिच्या हातातलं शहर १६६७ च्या भूकंपाच्या आधीचं आहे, जे त्या भूकंपात बरंचसं पडलं. मला या सगळ्यात सगळ्यात मोलाचं काही वाटत असेल तर ते हेच, की पडलेलं शहर संताच्या हातात शाबूत आहे.

आता दरवाजे बघा. पिले गेटमधून आत शिरताना वर मान करा, तिथे ब्लेजच आहेत, तटबंदीवर पण जागोजागी तेच. हे किती वेगळं आहे ते कळायला झादरला, याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या जुन्या शहरात, जावं लागतं. तिथला लँड गेट १५४३ चा, त्यावर व्हेनिसचा पंखवाला सिंह भलामोठा कोरलाय आणि झादरचा स्वतःचा संत क्रिसोगोनस घोड्यावर बसून त्याच्या खाली, कमानीच्या मधल्या दगडावर, आकाराने लहान. मालक कोण आणि गाव कोण हे दगडातच स्पष्ट केलंय. डाल्मेशियाच्या, म्हणजे क्रोएशियाच्या या भागातल्या, किनाऱ्यावर कुठल्याही जुन्या गावात गेलात तर आधी हा सिंह शोधायचा, सापडला की तिथे बहुतेक व्हेनिसचं राज्य होतं. डुब्रोवनिकच्या दरवाजांवर सिंह नाही, संत आहे. आणि दंतकथा काय आहे माहितीये? दहाव्या शतकात व्हेनिसची जहाजं हल्ल्याच्या तयारीत आली तेव्हा याच ब्लेजने एका पाद्र्याला दर्शन देऊन शहराला सावध केलं म्हणे. आता त्यांचाच झेंडा का, हे वेगळं सांगायला नको.

ढालींवरच्या रंगांचं थोडक्यात सांगते. पिवळा म्हणजे सोनं, पांढरा म्हणजे चांदी, हे दोन धातू, बाकी लाल निळा हिरवा काळा वगैरे रंग, आणि नियम असा की धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही, लांबून दिसत नाही म्हणून. (वरची निळ्यावर लाल ढाल हा नियम मोडते, ते लक्षात आलं असेल तर तुम्ही वाचायला शिकलात.) रंग नसलेल्या छापील चित्रात ढालीवर उभ्या रेघा असतील तर लाल, आडव्या असतील तर निळा, ठिपके म्हणजे सोनं, कोरी जागा म्हणजे चांदी. ही पद्धत १७ व्या शतकातली, त्यामुळे त्याआधीच्या दगडांवर रेघा शोधत बसू नका. आणि ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, आपल्याला ती डावीकडे दिसते, इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो.

झेंडा प्रत्यक्ष फडकताना बघायचा असेल तर ३ फेब्रुवारीला, सेंट ब्लेजच्या सणाला जा, आदल्या दिवसापासूनच सुरुवात होते. आसपासच्या गावांचे लोक आपापले मोठे झेंडे घेऊन येतात आणि चर्चसमोर ते खाली वाकवून, फिरवून संताला मानवंदना देतात. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २००९ पासून हा सण आहे. तिथेच चौकात १४१८ चा ऑर्लांडोचा, म्हणजे दंतकथेतल्या एका शूरवीराचा, खांब आहे, झेंडा त्याच्यावर चढतो.

तिकडे जाणं जमत नसेल तर गोव्यात जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला सेंट ब्लेजचं चर्च आहे, पोर्तुगीज उच्चारात साओ ब्रास. सोळाव्या शतकात डुब्रोवनिकचे व्यापारी गोव्यात होते आणि या चर्चचा संबंध त्यांच्याशी जोडला जातो, म्हणून क्रोएशियाचे लोकही मुद्दाम ते बघायला येतात.

मुलांच्या प्रोजेक्टसाठी झेंडा काढायचा असेल तर कागद उंचीच्या दुप्पट रुंद घ्या, क्रोएशियाच्या राष्ट्रध्वजाचं माप तेच आहे. पार्श्वभूमी कोरी पांढरी ठेवा, संत मधोमध, कपड्यांचे रंग जुन्या झेंड्यांत बदलत असतात तेव्हा त्याची फार काळजी नको. दोन्ही बाजूंना एस आणि बी ही रोमन अक्षरं, सांक्टुस ब्लासिउसची. आणि तळहातावरचं शहर सगळ्यात शेवटी, बारीक पेनने, एकेक बुरूज मोजून काढा.