सान जिमिन्यानोला जायचं तर दुपार टाळून

इटलीच्या टोस्काना प्रांतातल्या टेकडीवरच्या या तटबंदीच्या गावात रेल्वे येत नाही. फ्लोरेन्सहून ट्रेननं पोज्जीबोन्सी गाठायचं, तिथून बसनं पंचवीसेक मिनिटांत थेट तटाशी. रेल्वेचं कागदी तिकीट असेल तर गाडीत बसण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असून दंड. रविवारी बस कमी असतात. परतीची वेळ आधी बघून ठेवा. भाड्याची कार तटाबाहेरच ठेवायची. आत वाहनबंदी आहे आणि कॅमेऱ्यांना दयामाया नाही.

आता खरं सांगायचं ते. दुपारी सहलीच्या बसगाड्या रिकाम्या होतात आणि सान जोव्हान्नी वेशीपासून वर जाणारी गल्ली जत्रेसारखी भरते. त्यामुळे रात्रीचा मुक्काम कराच. जमत नसेल तर सकाळची पहिली बस धरा. माझ्यासोबत आई होती, तिचे गुडघे कुरकुरतात. सकाळी गर्दी नसल्यानं ती थांबत थांबत, कोणाचा धक्का न लागता, विहिरीच्या चौकापर्यंत आली. ही विहीर 1273 सालची. तिच्या पायऱ्यांवर हक्कानं बसा.

पूर्वी इथे सत्तरहून जास्त मनोरे होते म्हणतात. आज चौदा उरलेत. श्रीमंत घराण्यांची ती उंचीची चढाओढ. चढायचा तर तोर्रे ग्रोस्सा: 54 मीटर, दोनशेच्या वर पायऱ्या. ज्यांना झेपणार नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. रोक्का नावाच्या पडक्या किल्ल्यात जा. तिथे तिकीट नाही, आणि मनोरे खालूनच छान दिसतात. मनोऱ्यावर चढलं की तोच तेवढा दिसत नाही!

मुख्य चर्चमधली भित्तिचित्रं बघायला तिकीट आहे. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, ओढणी जवळ असू द्या. पण मला विचाराल तर उत्तर टोकाचं सांतागोस्तिनो चर्च चुकवू नका. बेनोत्सो गोत्सोलीनं तिथे संत ऑगस्टीनचं आयुष्य सतरा प्रसंगांत रंगवलंय. एका प्रसंगात शाळेतला मास्तर पोराच्या ढुंगणावर फटके देतोय. आई ते बघून मनसोक्त हसली. बहुतेक लोक इथवर येतच नाहीत. दुपारी हे चर्च बंद असतं, म्हणून सकाळीच उरका.

वाईन घेत असाल तर इथली पांढरी व्हेर्नाच्चा मागा. 1966 मध्ये इटलीत उगमस्थानाचा सरकारी दर्जा सर्वांत आधी तिला मिळाला. आणि मुक्कामाला चाकांची बॅग नको, पाठपिशवी बरी. फरसबंदीवर चाकं अडखळतात.