लिनक्स सर्व्हरचं घड्याळ क्रोनीने नीट लावा

क्रोनी म्हणजे नेटवर्कवरच्या वेळ सर्व्हरांना विचारून घड्याळ जुळवत राहणारी सेवा. घड्याळ चुकलं की बिघाड भलतीकडेच दिसतो. कर्बेरॉस ही लॉगिनची ओळख तपासणारी प्रणाली पाच मिनिटांहून जास्त फरक सहसा चालवून घेत नाही, त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. शिवाय वेळ एकदा लावून भागत नाही. घड्याळाला ठोके देणाऱ्या क्रिस्टलची चूक फक्त 10 पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) असली, तरी दिवसाला 0.86 सेकंदाचा फरक पडतो.

आधी ‘टाइमडेटसीटीएल’ ही वेळेची स्थिती दाखवणारी आज्ञा चालवून बघा. हार्डवेअर घड्याळ युटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असू द्या. मग डेबियन-उबंटूवर ॲप्टने, रेड हॅट घराण्यात डीएनएफने क्रोनी बसवा. वेळ दुरुस्त करणारी सेवा एकच हवी. एनटीपीडी किंवा टाइमसिंकडी चालू राहिली असेल तर ती बंद करा, नाहीतर दोघी एकाच घड्याळाची ओढाताण करतात.

आता ‘क्रोनी डॉट कॉन्फ’ ही सेटिंगची फाइल उघडा. स्रोत, म्हणजे वेळ विचारायचे सर्व्हर, चार ठेवा. दोनच असले आणि त्यांचं पटलं नाही, तर खोटं कोण हे क्रोनीला ठरवताच येत नाही. चारांत एक बिघडला तरी बहुमत उरतं. प्रत्येक ओळीला ‘आयबर्स्ट’ जोडा, म्हणजे पहिल्या चार विचारणा 64 ऐवजी दोन-दोन सेकंदांनी जातात. लीप सेकंद (वेळेत अधूनमधून वाढवला जाणारा जादा सेकंद) एकदम न देता पसरवून देणारे सर्व्हर आणि न पसरवणारे सर्व्हर एकत्र मिसळू नका.

‘मेकस्टेप 1.0 3’ ही ओळ जपून वापरा. फरक एका सेकंदापेक्षा मोठा असेल, तर पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच घड्याळाला उडी मारायची परवानगी ती देते. पुढे वेग किंचित कमी-जास्त करून फरक मिटवला जातो. शेवटच्या आकड्याच्या जागी उणे एक लिहिलं, तर उडी कधीही बसू शकते. चालू डेटाबेसखाली वेळ मागे गेली की नोंदींचा क्रम बिघडतो, म्हणून ते टाळाच.

सेवा रीस्टार्ट करून ‘क्रोनीसी सोर्सेस’ चालवा. एका ओळीपुढे तारा दिसला पाहिजे. तोच निवडलेला स्रोत. ‘रीच’चा आकडा अष्टमान पद्धतीतला असतो: 1, 3, 7, 17 असा वाढत 377 वर थांबतो. 377 म्हणजे शेवटच्या आठही विचारणांना उत्तर आलं. 376 दिसलं तर फक्त ताजं उत्तर हुकलंय, घाबरू नका. शून्यावरच अडकला असेल तर बहुतेक वेळा फायरवॉल आडवी येते. बाहेर जाणारा यूडीपी 123 पोर्ट तपासा.

‘क्रोनीसी ट्रॅकिंग’मध्ये ‘सिस्टिम टाइम’चा फरक काही मिलिसेकंदांत असेल, तर इंटरनेटवरच्या स्रोतांसाठी तो उत्तमच.

व्हर्च्युअल मशीनवर हे सगळं करूनही वेळ उड्या मारत असेल, तर हायपरव्हायजरची (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) स्वतःची वेळजुळणी बंद करा. कंटेनरमध्ये मात्र क्रोनी बसवूच नका. तिथलं घड्याळ होस्टच्या, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतो त्या मशीनच्या, कर्नलचं असतं, दुरुस्ती होस्टवरच करायची.