उपनिधी उघडण्याआधी

मोठ्या धर्मादाय न्यासात आपल्या नावाचा उपनिधी, म्हणजे आपण पैसे भरायचे आणि त्यातून कोणत्या संस्थांना देणगी जावी हे सुचवायचे असे खाते, उघडायचा, तर घरच्यांच्या कानावर आधी एक गोष्ट घाला: भरलेले पैसे परत मिळत नाहीत. कायद्याने ते न्यासाचे होतात. आपल्या हाती उरते ती शिफारस, शेवटचा शब्द विश्वस्तांचा. तेव्हा अडीनडीची रक्कम आधी बाजूला काढा.

मग न्यासाच्या नियमांत सुरुवातीची किमान रक्कम, वार्षिक शुल्क, एका देणगीची किमान रक्कम आणि दरवर्षी किती वाटावेच लागते, हे बघा. वाटपाचा नियम देशागणिक बदलतो. न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्टने १९३१ साली असा पहिला निधी उघडला, त्या अमेरिकेत प्रत्येक खात्यावर वाटपाची कायदेशीर सक्ती नाही. शुल्क टक्क्यांत दिसले तरी किमान आकडा लावलेला असतो आणि छोट्या निधीला तोच जड जातो.

निधी कायम ठेवायचा की संपवायचा, हे पैसे भरण्याआधीच ठरवा. गुंतवणुकीचा पर्याय त्यावरच निवडायचा असतो. शंभरावर सहा परतावा, एक शुल्क आणि चार महागाई धरली, तर मुद्दलाची किंमत राखून वर्षाला जेमतेम एक वाटता येतो. पाच वाटत राहिलात तर निधी हळूहळू झिजणार. झिजू द्यायलाही हरकत नाही, फक्त ते ठरवून व्हावे. दहा वर्षांत संपवायचा असेल तर पहिल्या वर्षी शिलकीचा दहावा भाग द्या, दुसऱ्या वर्षी नववा, मग आठवा.

शेअर द्यायचे असतील तर आधी विकू नका. अनेक देशांत विक्रीच्या नफ्यावर कर लागतो, थेट हस्तांतरणात तो वाचू शकतो. करसल्लागाराला विचारून घ्या. मात्र हस्तांतरणाला दिवस लागतात. वर्षअखेरीच्या आठवड्यात धावपळ केली तर पावती पुढच्या वर्षाची मिळते.

देणगीसाठी सुचवायच्या संस्थांच्या यादीत बोलीतले नाव नको. नोंदणीतले पूर्ण नाव, क्रमांक आणि कामाचा उद्देश लिहा. नाव जुळले नाही की शिफारस परत येते. नात्यातल्या मुलाची फी किंवा निधिसंकलनाच्या जेवणाची तिकिटे या निधीतून निघत नाहीत, कारण फायदा देणाऱ्यालाच पोचतो.

आपल्या पश्चात शिफारस कोण करणार, ती दोन नावे क्रमाने नोंदवा. जागा रिकामी ठेवली, तर शिल्लक बहुधा न्यासाच्या सर्वसाधारण निधीत जाते. भावंडांना एकत्र नेमत असाल, तर मतभेदात कुणाचे चालेल तेही त्याच अर्जात लिहा.