गणपतीच्या सुट्टीत अख्खी लॅब एका इमेजवर

कोकणात गणपतीला कॉलेजं बंद असतात आणि लॅब सलग मोकळी मिळते ती तेवढीच. मी रत्नागिरीकडच्या एका कॉलेजात तीस मशिनांची लॅब सांभाळतो. एकेकाला पेनड्राइव्ह लावून विंडोज टाकत बसलं तर गौरी येऊन जातील तरी काम आटपायचं नाही. म्हणून क्लोनझिला: एका मशिनची डिस्क जशीच्या तशी साठवून (ह्या साठवलेल्या प्रतीला इमेज म्हणतात) बाकीच्यांवर उतरवणारा प्रोग्राम. फुकट आहे, तैवानच्या एनसीएचसी या संस्थेने केलाय. कायमचा सर्व्हर चालू ठेवता येत असेल तर फॉग हा असाच दुसरा प्रोग्राम घ्या. आमच्यासारखं वर्षातून एक-दोनदाच लागत असेल तर क्लोनझिलाचा लाइट सर्व्हर, म्हणजे कामापुरता चालवायचा सर्व्हर, पुरतो.

खरं काम मास्टर मशिनवर, म्हणजे ज्याची इमेज घ्यायची त्यावर आहे, तिथे घाई करू नका. लॅबमधली सगळ्यात लहान डिस्क ज्यात आहे तेच मशीन मास्टर घ्या. इमेज मोठ्या डिस्कवर चढते, लहानावर चढत नाही; आणि २५६ जीबीची इमेज २४० जीबीच्या एसएसडीवर अडली की कपाळाला हात लावायची पाळी येते. विंडोज, अपडेट, टर्बो सी (हो, अजून!), पायथन, जावा, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, सगळं टाकून विद्यार्थ्याच्या लॉगिनने एकदा उघडून बघा. मग फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेशन बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं आणि क्लोनझिला ते पार्टिशन घ्यायला नकार देतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी काढा. तो राहिला तर क्लोनझिलाला रिकामी जागा ओळखता येत नाही, तो सगळी डिस्क सेक्टर न् सेक्टर उचलतो आणि इमेज फुगते. शेवटी सिस्प्रेप (विंडोजमधली त्या मशिनची स्वतःची ओळख पुसणारं टूल) चालवा, जनरलाइझवर टिक करा, शटडाउन निवडा. यानंतर मास्टर पुन्हा विंडोजमध्ये चालू करायचा नाही; थेट क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून बूट करून इमेज बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यायची.

आता नेटवर्क. समजा इमेज ३० जीबीची आहे. तीस मशिनांना वेगवेगळी पाठवली तर ९०० जीबी जाणार. गिगाबिट स्विच असला तरी दोन तासांहून जास्त. मल्टिकास्टमध्ये तीच ३० जीबी एकदाच वायरवर जाते आणि सगळे एकदम उचलतात. पण सगळ्यांचा वेग सर्वांत मंद गड्याएवढाच. एखाद्या मशिनची वायर खराब होऊन ते १०० एमबीपीएसवर आलं तर उरलेलेही त्याच्यासाठी थांबतात, आणि काम पाऊण तासावर जातं. आपल्याकडे पावसाळ्यात हे हमखास होतं. खाऱ्या दमट हवेने नेटवर्क वायरीच्या आरजे-४५ कनेक्टरच्या पिनांवर हिरवट कीट चढतो. स्विचवरचे लाइट आधीच बघा: गिगाबिटचा रंग सोडून दुसरा दिसला की ती वायर काढा, पिना बघा, जमलं तर नवीन कनेक्टर क्रिंप करा. मशीन सुरूच होत नसेल तर रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरने पुसा, बरीच उठतात.

लॅबच्या स्विचला राउटरची वायर असेल तर ती काढून ठेवा. क्लोनझिला स्वतः डीएचसीपी (मशिनांना आयपी पत्ते वाटणारी सेवा) चालवतो आणि राउटरही चालवतो. एकाच नेटवर्कवर दोघे आयपी वाटायला लागले की मशिनं भलत्याचंच ऐकतात.

सर्व्हर म्हणून एक बरं मशीन घ्या, बाहेरची हार्डडिस्क लावा, लाइट सर्व्हर निवडा, इमेज दाखवा, मल्टिकास्ट म्हणा आणि क्लायंटची (इमेज घेणाऱ्या मशिनांची) संख्या व थांबायची वेळ द्या. दोन्ही द्या. नुसती संख्या दिलीत आणि एक मशीन रुसलं, तर बाकीची ताटकळत बसतील.

क्लायंटांच्या बायॉसमध्ये सेक्युअर बूट बंद, नेटवर्क स्टॅक चालू, मग बूट मेनूतून आयपीव्ही४ चं नेटवर्क बूट. मास्टर युईएफआय (बायॉसची नवी पद्धत) असेल तर क्लायंटही युईएफआयच हवेत. जुन्या मशिनांची सीमॉसची (बायॉसची सेटिंग जपणारी) बॅटरी गेलेली असते. तारीख २००९ सालची दिसली की ती बदला, नाहीतर केलेली सेटिंग पुढच्या लाईट जाण्याबरोबर पुसली जाईल.

लाईटवरून आठवलं. मधेच वीज गेली तर अर्धवट लिहिलेली डिस्क कामाची नाही, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून निदान सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर ठेवा, आणि आकाश भरून आलं असेल तर दहा-दहा मशिनांच्या तुकड्या करा. एवढं करूनही मागे राहिलेल्यांना नंतर युनिकास्टने एकेक करून घ्या.

रिस्टोअर झाल्यावर प्रत्येकाला वेगळं नाव द्या: लॅब१-०१, लॅब१-०२ असं, आणि तोच नंबर मार्करने कॅबिनेटवरही. ॲक्टिव्हेशन आणि प्रिंटर तपासा. इमेजची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि डब्यावर तारीख व कुठल्या मॉडेलची इमेज आहे ते लिहा.