कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला ट्यूब लावताय? मॅक्रोतल्या या चुका टाळा

पाऊस ओसरू लागला की ठाण्यात मॅक्रोचे, म्हणजे किडे-फुलपाखरांचे अगदी जवळून फोटो काढायचे, दिवस सुरू होतात. येऊरच्या वाटेवर चतुर आणि कोळी, घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरं. तिथवर जाणं जमत नसेल, तर गॅलरीतल्या कुंडीत कढीपत्ता असतोच, आणि त्यावर कॉमन मॉरमॉन या फुलपाखराचे सुरवंट येतात. यासाठी महागडी मॅक्रो लेन्स लागत नाही, छोटा कॅमेरा पुरतो. घोडं अडतं ते जोडणीची वस्तू चुकीची घेतल्यामुळे, किंवा विषयापासूनचं अंतर चुकल्यामुळे.

ट्यूब नक्की कोणती?

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे आत काच नसलेली पोकळ नळी. ती लेन्स आणि बॉडीच्या मधे बसते, लेन्स सेन्सरपासून (चित्र टिपणाऱ्या चिपपासून) लांब नेते, म्हणून जवळचं फोकस होतं. ज्या कॅमेऱ्याची लेन्स निघतच नाही, त्याला ती बसणार कुठे? कॉम्पॅक्टसाठी जी नळी मिळते ती अडॅप्टर ट्यूब, लेन्सच्या बाहेरून पुढे बसणारी. कॅननच्या पॉवरशॉट जी १०, जी ११ आणि जी १२ ला लेन्सभोवतीची रिंग काढून ती लावता येते. तिच्या तोंडाला ५८ मिमीचे आटे असतात. नुसत्या या नळीने चित्र जराही मोठं होत नाही. तिच्यावर क्लोज-अप लेन्स, म्हणजे जवळचं मोठं दाखवणारं भिंग, चढवावी लागते. एकावर एक लावायच्या स्वस्त भिंगांच्या सेटमध्ये कडांना जांभळे-हिरवे रंग फुटतात. त्यापेक्षा रेनॉक्स डीसीआर-२५० सारखी एकच चांगली लेन्स घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

झूमचं टोक चुकतं

झूमची दोन टोकं: वाइड म्हणजे जास्त परिसर दाखवणारं, टेली म्हणजे लांबचं जवळ आणणारं. कॅमेऱ्याचा स्वतःचा मॅक्रो मोड वाइड टोकाला सर्वांत जवळ जातो, जी १२ मध्ये तर १ सेंटीमीटरपर्यंत. त्या सवयीने क्लोज-अप लेन्स लावूनही लोक वाइडलाच ठेवतात. मग चारही कोपरे काळे येतात आणि सुरवंट चिमुकलाच राहतो. हिशोब सोपा आहे. डीसीआर-२५० ची ताकद ८ डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचंच एकक), म्हणजे फोकल लेंग्थ १२५ मिमी. जी १२ ची लेन्स ६.१ ते ३०.५ मिमी. वाइडला चौकटीत साधारण १५ सेंटीमीटर रुंदी मावते, पूर्ण टेलीला जेमतेम ३. पूर्ण वाढलेला हिरवा सुरवंट चौकट भरून टाकतो.

फोकस लागत नसेल, तर कॅमेरा बिघडलेला नसतो, अंतर चुकलेलं असतं. क्लोज-अप लेन्स आणि विषय यांत साधारण १२ सेंटीमीटर ठेवा आणि फोकस लॉक करून कॅमेराच अलगद पुढे-मागे करा. डोळा स्पष्ट दिसला की क्लिक. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराला कॅमेरा पंखांना समांतर धरलात, तर सगळी नक्षी एकाच वेळी स्पष्ट येते.

लेन्स बदलता येणारा छोटा मिररलेस असेल, तर खरी ट्यूब वापरा, पण सोनेरी पिना असलेलीच. पिना नसतील तर बहुतेक नव्या लेन्सचं अॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) कॅमेऱ्याला बदलता येत नाही. ५० मिमी लेन्सला १० आणि १६ मिमीच्या ट्यूब जोडल्या की लेन्स विषय मुळात जितक्या पट मोठा दाखवते, त्यात सुमारे अर्ध्या पटीची भर पडते. वाइड लेन्सला त्याच लावल्या, तर विषय काचेला टेकायची वेळ येते. ट्यूब असताना लांबचं फोकस लागणार नाही. तो दोष समजून ती दुकानात परत करू नका.

प्रकाश

फोटो अंधारे आणि हललेले येण्याचं कारण बहुधा इथे असतं. ट्यूबने १:१ मोठेपण गाठलं, म्हणजे सेन्सरवरचं चित्र विषयाएवढंच झालं, की सेन्सरवर प्रकाश चौथ्या हिश्शाएवढाच पोचतो. कॅमेरा मग शटर लांबवतो आणि वाऱ्याने हलणारं पान पुसट येतं. क्लोज-अप लेन्सने प्रकाश असा घटत नाही, पण हाताचा आणि वाऱ्याचा हलका धक्काही मोठा होऊन दिसतो. फ्लॅश वापरा, त्याचा झोत इतका क्षणिक असतो की हालचाल गोठते. मात्र कॉम्पॅक्टच्या अंगच्या फ्लॅशपुढे नळी येते आणि फोटोत काळी अर्धगोल सावली पडते. फ्लॅशसमोर बटर पेपरचा मोठा तुकडा नळीच्या तोंडापर्यंत पुढे येईल असा चिकटवा. सावली विरते आणि भुंग्याच्या चकचकीत पाठीवरचा पांढरा डागही मऊ होतो.

सगळं स्पष्ट यावं म्हणून कॉम्पॅक्टचं अॅपर्चर एफ/८ वर नेऊ नका, म्हणजे छिद्र फार बारीक करू नका. एवढ्याशा सेन्सरवर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारकावे मऊ पडतात. एफ/५.६ च्या आसपास थांबा.

सुरवंटाला बोटाने किंवा काडीने सरळ करायला जाऊ नका. तो डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढतो, ते घाबरल्याचं लक्षण आहे. फांदीही तोडू नका, आपणच कोन बदलायचा.

आणि दमट हवा. एसीच्या खोलीतून थेट बाहेर आलात तर काचेवर वाफ धरते. कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवा. घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. बुरशी आतल्या काचेवर चढली, की ती काढायला लेन्स उघडावी लागते, आणि कॉम्पॅक्टच्या बाबतीत त्या खर्चात बरेचदा दुसरा वापरलेला कॅमेरा येतो.