सासूबाईंची औषधं दुबईला नेताना

दुबईशेजारच्या शारजाच्या विमानाची तिकिटं आली तशी मी सासूबाईंचा औषधांचा डबा टेबलावर उपडा केला. गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या पाकिटावर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ट्रॅमाडॉल, म्हणजे जोरदार वेदनाशामक. अमिरातीत हे नियंत्रित औषध आहे. न्यायचंच असेल तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचंही तसंच. म्हणून प्रत्येक पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव वाचायचंच.

धरमपेठेतल्या डॉक्टरांनी प्रवासापुरती साधी पॅरासिटामॉल आणि चोळायला मलम दिलं. “आई, ती गोळी इथेच ठेवा,” म्हटलं, तर त्यांनी लगेच विचारलं, “आणि रात्री दुखलं तर?” काळजी खरी होती. म्हणून शेकायची रबरी पिशवी घेतली आणि रोजचं फिरणं निम्म्यावर आणलं. त्याने पुष्कळ फरक पडला.

इन्सुलिन मात्र हातातल्या बॅगेतच. मोठ्या बॅगेबरोबर खाली गेलं तर गोठायची भीती, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही वापरायचं नसतं. बर्फाची पिशवीसुद्धा इन्सुलिनच्या पेनला थेट लागू नये, मी मध्ये रुमाल गुंडाळला. डॉक्टरांची चिठ्ठी मूळ औषधांच्या नावांसकट इंग्रजीत, टाइप केलेली घेतली. सुरक्षा तपासणीत सुया दिसल्या, चिठ्ठी दाखवली, पुढे सोडलं. तिथला रुग्णवाहिकेचा ९९८ हा नंबर सासूबाईंच्याही मोबाइलमध्ये टाकून दिला.